बे नंबर चार

आमच्या मागच्या खोलीत, चिखलीला,
एक विमान उभं आहे.
माझ्या शिवणयंत्राच्या टेबलावर त्याचं नाक,
पंख कुठेच नाहीत,
शेपटीच्या जागी उकड्या तांदळाचं पिंप.

निवृत्त झाल्यावर माणसं देवाला लागतात, बागेला लागतात.
हे ॲड-ऑनच्या नादाला लागले.
आधी नुसती जॉयस्टिक होती, नातवाची, एक बटण रुतलेली.
मग भाच्याने मस्कतहून पेडल आणले,
कायतानने गोदीच्या भंगारातून थ्रॉटलची मूठ घडवली,
तिला अजून ग्रीसचा वास येतो.
मग हवामान आलं, महिन्याच्या वर्गणीवर:
बाहेर ढग, तर पडद्यावर ढग.
मी म्हटलं, खिडकी उघडली असती तर फुकट होतं.
"खिडकीतून वाऱ्याचा वेग दिसत नाही,"
हे म्हणाले, आणि बोगमाळ्यावरून डावीकडे वळले.

एकदा वीज गेली.
दिवाडी बेटावर, दोन हजार फुटांवर,
दीडशे माणसं अडकली.
मी मेणबत्ती नेली तर हे काळ्या पडद्यासमोर
पट्टा बांधूनच बसलेले,
स्कूटरवर सिलिंडर बांधायचा तो पट्टा.
"उतरा की," म्हटलं.
"हवेत कुठे उतरू?"

एकतीस वर्षं हे दाबोळीच्या डांबरावर उभे राहिले,
हातांत दोन दांडे, पायाखाली तापलेली पिवळी रेघ.
एवढ्या मोठ्या विमानाला म्हणायचं,
ये, हळू, अजून हळू, थांब.
चाकं थांबली की लोक उतरायचे
आणि ह्यांच्याकडे न बघता
समुद्र कोणत्या बाजूला ते शोधायचे.
डावा कान तिथेच राहिला.

म्हणून इंजिनांच्या आवाजाचं ॲड-ऑन घेतलं तेव्हा
मला बोलावलं. माझ्या हातांना सुंगटांचा वास,
तरी हेडफोन ह्यांनी स्वतः माझ्या कानांवर बसवले.
"त्यात एक बारीक शीळ असते, अगदी वरची.
आहे का बघ. मला ती आता येत नाही."
मी ऐकलं.
होती.
ओळखीचीच होती.
ड्यूटीवरून आल्यावर, घरात नसलेल्या त्या शिळेच्या वरून
हे ओरडून मीठ मागायचे.

गेल्या महिन्यात दाबोळी आली,
पोलंडमधल्या कुणा मुलाने बनवलेली.
त्याने गोवा पाहिलेला नाही.
धावपट्टी बरोबर, दिवे बरोबर,
झुआरीत बार्जसुद्धा दोन.
फक्त बे नंबर चारवर कोणीच नाही, नुसती रेघ.
ह्यांनी त्याला सात ओळी लिहिल्या,
इंग्रजी मी तपासलं.
तिथे माणूस असतो,
एवढंच त्यात होतं, सात प्रकारे.

काल माणूस आला.

ह्यांनी सांकवाळवरून विमान खाली आणलं,
जरा आपटलंच,
पिंपावरचं झाकण मला उगाच हललंसं वाटलं.
मग वळून वळून बे नंबर चार.
तिथे तो. पोपटी जाकीट, बोटाएवढा,
चेहरा अजून न दिलेला,
दांडे वर.
ये, म्हणाला.
हे गेले.
हळू.
हे हळू झाले,
काचेच्या ह्या बाजूने, जन्मात पहिल्यांदा.
त्याने डोक्यावर दांड्यांची फुली केली.
ब्रेक.

मी दारात, हातात ताट.
ह्यांनी इंजिन बंद केलं नाही.
हात उचलून त्या बोटाएवढ्याला केला,
काचेमागून वैमानिक करतात तसा.
सगळे नाही करायचे. महिन्यातून एखादा.
त्या दिवशी हे मीठ
हळू आवाजात मागायचे.

मग ह्यांनी चष्मा पुसला, पुढे वाकून नीट बघितलं.
"कोपर वाकवतो," म्हणाले.
"शिकेल."